चौथ्या हिवाळ्यात फुललेलं सिम्बिडियम

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीने तिच्या खिडकीतल्या सिम्बिडियम ऑर्किडचा फोटो पाठवला. लांबलचक हिरवीगार पानं, तीन वर्षांत एकही फूल नाही, आणि खाली एकच ओळ, "काय चुकतंय गं माझं?" तिला उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की म्हटलं सगळ्यांसाठीच लिहावं, कारण तीन वर्षांपूर्वी मीही हाच प्रश्न दिसेल त्याला विचारत होते आणि अर्धवट उत्तरं गोळा करत होते.

आधी एवढं सांगते की मी राहते तिथे हिवाळ्यात बाहेर पाणी गोठतं, पारा उणे दहा-पंधरापर्यंत जातो आणि घरात पाच महिने हीटिंग चालू असतं. महिने उत्तर गोलार्धातले आहेत, दक्षिणेकडे असाल तर सगळं सहा महिने पुढे ढकला.

१३ फेब्रुवारी २०२१ ला झाड घरी आलं. दोन दांडे, एकावर सहा फुलं उघडलेली, दुसऱ्यावर बहुतेक कळ्याच. हिरवट पिवळा रंग आणि ओठासारख्या पाकळीवर तांबडे ठिपके. मी ते हॉलच्या खिडकीत ठेवलं, खाली रेडिएटर, खोलीत २२-२३ डिग्री, शेजारी फळांची टोपली. दहा दिवसांत कळ्या पिवळ्या पडायला लागल्या. आधी कळीचं देठ फिकट होतं, मग कळी तांबूस पिवळी होते आणि नुसतं बोट लागलं तरी गळून हातात येते. नऊ कळ्या गेल्या. उघडलेली फुलंही महिन्याभरात मान टाकून बसली. मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून अजून पाणी घातलं. खरी कारणं तीन होती आणि तिन्ही मला फार उशिरा कळली. एक, थंड नर्सरीतून एकदम गरम कोरड्या हवेत आणलं. दोन, कळ्यांच्या दिवसांत याला दिवसासुद्धा पंधरा-सोळाच्या वर फारसं टेम्परेचर नको असतं. तीन, पिकणाऱ्या फळांमधून इथिलीन वायू निघतो आणि त्याने ऑर्किडच्या कळ्या गळतात. तेव्हा फळांची टोपली त्या खोलीत नकोच.

झाडाच्या लेबलवर फक्त 'सिम्बिडियम हायब्रिड' एवढंच होतं. विकत घेताना नाव असलेलं झाड मिळालं तर तेच घ्या आणि लेबल कुंडीत खोचून ठेवा, फेकू नका. कुठल्या जातींपासून तयार झालंय ते कळलं की कधी फुलणार, किती थंडी सोसणार याचा अंदाज येतो.

२०२१ चा अख्खा उन्हाळा झाड घरातच होतं. ऑर्किड म्हणजे नाजूक, बाहेर काढलं तर मरेल, असं डोक्यात पक्कं बसलेलं. पानं मस्त गडद हिरवी झाली, लांब झाली, खाली वाकली, दोन नवे कंद (ज्यातून पानं निघतात ते कुंडीत वरच दिसणारे फुगीर गड्डे) आले आणि मला वाटलं किती छान वाढतंय. आता ते गडद हिरवं पान बघितलं की मला लगेच कळतं की उजेड कमी पडतोय. सिम्बिडियमचं पान हिरव्या सफरचंदाच्या रंगाचं हवं, थोडं पिवळटच वाटलं पाहिजे. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला, रोज कंदाच्या बुडाशी बघायचे, काही नाही. फेब्रुवारी २०२२ आला तेव्हा मागच्या वर्षीचे फोटो काढून बघत बसले आणि फार वाईट वाटलं.

मग वाचायला लागले. वाचताना पहिली गोष्ट कळली की ज्यांच्यापासून ही मोठ्या फुलांची हायब्रिड्स तयार झाली त्या मूळ जाती पूर्व हिमालय, म्यानमार, चीनचा नैर्ऋत्य भाग, व्हिएतनाम इथल्या डोंगरातल्या आहेत, हजार-दोन हजार मीटर उंचीवरच्या. तिथे उन्हाळ्यात धो धो पाऊस असतो, हवा उबदार असते. मग पाऊस संपतो, आकाश मोकळं होतं, दिवसा लख्ख ऊन आणि रात्री चांगलाच गारठा. आणि मग कोरडा थंड हिवाळा. याच क्रमाने झाड जगतं. तो पाऊस गेल्यानंतरचा गारठा हीच दांडा काढायची खूण असते. सगळीच सिम्बिडियम अशी नाहीत, पन्नासहून जास्त जाती आहेत. सह्याद्रीत झाडांवर वाढणारं सिम्बिडियम अ‍ॅलोइफोलियम उबदार हवेतलं आहे, त्याला हा गारठा लागत नाही. पण बाजारात जे मोठ्या फुलांचं मिळतं ते जवळपास नक्की डोंगरातल्यांचं वंशज असतं.

वाचताना इंग्लंडमधल्या जुन्या काचघरांबद्दलही आलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे ऑर्किड म्हटलं की तापवलेल्या, दमट, बंद काचघरात कोंडायचे, आणि डोंगरातून आणलेली झाडं त्यात मोठ्या संख्येने मरायची. १८३० च्या दशकात चॅट्सवर्थ या मोठ्या इस्टेटीवर तिथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टनने हवा खेळती ठेवली, झाड जिथून आलं तिथल्यासारखं टेम्परेचर द्यायला सुरुवात केली आणि झाडं जगायला लागली. त्याच दशकात तिथल्याच जॉन गिब्सन या माळ्याने खासी टेकड्यांतून आणलेल्या एका सिम्बिडियमला पुढे चॅट्सवर्थचा मालक ड्यूक ऑफ डेव्हनशायर याच्यावरून डेव्होनियानम हे नाव मिळालं. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्या रेडिएटरकडे बघत होते.

तर २०२२ च्या मे महिन्यात, रात्री गोठण थांबल्यावर, झाड बाहेर काढलं. इथे पहिली चूक झाली, सरळ उन्हात ठेवलं. दोन दिवसांत पानांच्या वाकलेल्या भागावर पांढरट चट्टे पडले आणि आठवड्याने ते काळे, कागदासारखे झाले. असे चट्टे परत हिरवे होत नाहीत, पान गळेपर्यंत तसेच राहतात. आता मी पहिले दोन आठवडे पूर्ण सावलीत ठेवते, मग सकाळचं ऊन, मग चाळीस टक्क्यांच्या शेडनेटखाली कायमचं. उन्हाळ्यात पाणी भरपूर लागतं, हे झाड वाळवून चालत नाही, कडक उन्हाच्या दिवसांत मी रोज घालायचे. आमच्या नळाचं पाणी जड आहे आणि त्याने पानांची टोकं काळी पडत होती, म्हणून पत्र्याच्या पाण्याखाली पिंप लावलं. पावसाचं पाणी सुरू केल्यावर नवीन पानांची टोकं स्वच्छ राहिली. खताचं असं की जुलैपर्यंत नत्र जास्त असलेलं, ३०-१०-१० टाइपचं, पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव डोसने दर आठवड्याला, आणि ऑगस्टपासून नत्र कमी, पालाश जास्त. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी चांगली धुऊन काढायची, क्षार साठत नाहीत.

त्या उन्हाळ्यात सगळं जमत आलं होतं. कंद टपोरे झाले, पानं पिवळसर हिरवी झाली. मग ३ सप्टेंबरला हवामानात रात्री ९ डिग्री दाखवलं आणि मी घाबरून संध्याकाळीच कुंडी आत आणली, हॉलमध्ये. त्या रात्री अगदी शांत झोप लागली. एवढ्या मेहनतीवर त्याच दिवशी पाणी पडलं हे मला पुढे पाच महिने कळलं नाही. तो हिवाळासुद्धा कोरडा गेला. जानेवारी २०२३ मध्ये मी झाड देऊन टाकायचं ठरवलं होतं.

द्यायला ज्यांच्याकडे गेले ते ओळखीचे एक काका, चाळीस वर्षं ऑर्किड वाढवतायत. त्यांनी झाड उलटसुलट करून बघितलं, कंद दाबून बघितले.

"झाड उत्तम आहे. आत कधी घेतलं होतंस?"

"सप्टेंबरच्या सुरुवातीला, काका. नऊ डिग्री होणार होतं."

"अगं, नऊला तर त्याचं काम सुरू होतं आणि तू तेव्हाच उचलून आणलंस! दिवसा वीस आणि रात्री दहा, असं सहा-आठ आठवडे मिळू दे त्याला. पारा तीन-चारवर यायला लागला की घे आत, शून्याची मात्र वाट बघू नकोस."

मग म्हणाले, "घेऊन जा परत. मला नको तुझं झाड. अजून एक वर्ष दे त्याला."

ते एक वर्ष मी नीट तारखा लिहून काढलं, तेच पुढे सांगते.

१० एप्रिल २०२३, कुंडी बदलली. सिम्बिडियमला कुंडी दोन-तीन वर्षांनी बदलायची असते, फुलं संपल्यावर लगेच, नवे फुटवे दिसायला लागतात तेव्हा. माझी कुंडी मुळांनी इतकी ठासून भरली होती की झाड निघेना, शेवटी प्लॅस्टिक कापावं लागलं. बाहेरची मुळं जाड, पांढरी, कडक. आतल्या मधल्या भागात मात्र जुनी साल कुजून काळा चिखल झाला होता आणि तिथली मुळं तपकिरी पोकळ. कुजलेलं मूळ ओळखायचं सोपं आहे, चिमटीत धरून ओढलं की वरचं साल मोज्यासारखं निघून येतं आणि हातात नुसता दोरा राहतो. असली सगळी कापली. कात्री आणि सुरी दर वेळी ज्योतीवर धरून घेतली, कारण सिम्बिडियम मोझॅक व्हायरस आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट व्हायरस हे दोन्ही हत्यारांवरून एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातात आणि त्यावर औषध नाही, झाड टाकूनच द्यावं लागतं. घरी करायच्या टेस्ट स्ट्रिप्स मिळतात, पानाचा तुकडा वाटून त्यात पट्टी बुडवायची. मी पानांवरच्या काळ्या चट्ट्यांना घाबरून केली, काही निघालं नाही, ते उन्हाचेच डाग होते.

नवीन मिश्रण मध्यम आकाराची पाइनची साल तीन भाग, पर्लाइट (हलके पांढरे खनिज दाणे) एक भाग, थोडा कोळसा. साल आदल्या रात्री पाण्यात भिजत घातली, कोरडी साल पाणी धरत नाही. कुंडी जुनीपेक्षा फक्त दोन बोटं मोठी घेतली. मोठी कुंडी दिली की जास्त वाढेल असं वाटतं, पण न वापरलेली साल ओली राहून मुळं कुजतात. कंद मिश्रणात पुरायचे नाहीत, बूड फक्त टेकलेलं हवं. झाडाचे तुकडे करायचे असतील तर प्रत्येक भागात निदान तीन-चार कंद हवेत, नाहीतर दोन वर्षं फूल विसरा. मी तुकडे केले नाहीत, फक्त मागचे तीन पानं गेलेले म्हातारे कंद काढले आणि ओल्या मॉसमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले. सात आठवड्यांनी त्यातल्या एकाला हिरवं टोक आलं. त्याला फुलायला अजून काही वर्षं लागतील पण तो आता छोट्या कुंडीत छान उभा आहे. कुंडी बदलल्यावर मोठं झाड महिनाभर सावलीत, खत बंद.

मे ते ऑगस्ट मागच्या वर्षीसारखंच, फक्त उन्हाची चूक केली नाही. याच काळात कागदपत्रांचं प्रकरण झालं तेही सांगते, कारण पुष्कळ जणांना वाटतं की बॅगेत टाकून आणू. दुसऱ्या देशातली एक मैत्रीण मला तिच्या सिम्बिडियम ट्रेसियानमचा भाग द्यायला तयार होती, याला फार सुंदर वास येतो आणि शरद ऋतूत फुलतं. तर अख्खं ऑर्किड कुटुंब साइट्स कराराखाली येतं, धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा १९७३ चा करार, १९७५ पासून लागू. बहुतेक ऑर्किड परिशिष्ट २ मध्ये, काही जास्त कडक नियमांच्या परिशिष्ट १ मध्ये. घरी वाढवलेलं असलं तरी सीमा ओलांडायची म्हटली की साधारणपणे तिकडचं निर्यात परमिट लागतं, शिवाय झाडाला रोग-कीड नाही असं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, आणि मुळं धुऊन, माती-साल काहीही न ठेवता पाठवायचं. हायब्रिडना काही अटींवर सूट आहे, पण ट्रेसियानम ही मूळ जात, तिला नाही. प्रयोगशाळेतल्या सीलबंद बाटलीतली रोपं साइट्समधून बऱ्याच अंशी सुटतात, मोठं झाड नाही. मैत्रिणीने जूनच्या सुरुवातीला अर्ज केला. तीन आठवड्यांनी फॉर्म परत आला, कारण त्यात झाडाचं शास्त्रीय नाव पूर्ण नव्हतं आणि झाड कुठून घेतलं त्याची पावती जोडलेली नव्हती. परत भरला, परत वाट. सर्टिफिकेटची तपासणी पाठवण्याच्या आधी थोडेच दिवस करून घ्यायची असते, म्हणजे परमिट हातात आल्यावर पुन्हा नवीन तारीख. सगळं जुळेपर्यंत सप्टेंबर संपत आला आणि उघड्या मुळांचं झाड थंडीत पाठवण्यात अर्थ नव्हता, आम्ही सोडून दिलं. पुढच्या वसंतात मला इथल्याच एका वाढवणाऱ्याकडून ट्रेसियानम मिळालं, एकही कागद न लागता. म्हणून आधी स्वतःच्या देशात शोधा. आणि बाहेरूनच आणायचं असेल तर हिवाळ्यातच अर्ज करा, म्हणजे एप्रिल-मेला झाड हातात येईल.

सप्टेंबर २०२३. वही काढून बघतेय. ४ तारखेला रात्री ११, ९ तारखेला ९, १५ ला ८. प्रत्येक रात्री मनात यायचं की आणूया का आत. नवरा दोनदा दार उघडून कुंडीकडे बघून आला आणि म्हणाला, "अगं, मरेल ते." काकांना फोन केला, ते एवढंच म्हणाले, "ठेव बाहेर." २४ सप्टेंबरला सकाळी पाणी घालताना सगळ्यात टपोऱ्या कंदाच्या बुडाशी, खालच्या पानाच्या बेचक्यात, एक हिरवं टोक दिसलं. करंगळीच्या नखाएवढं.

आता ते टोक फुटव्याचं की दांड्याचं? या एका प्रश्नावर मी दोन आठवडे काढले. पानांचा फुटवा चपटा असतो आणि थोडा वाढला की टोकाशी पंख्यासारखा फाकायला लागतो. दांडा गोल, भरीव, बंदुकीच्या गोळीसारखा, आणि हळूच चिमटीत धरला तर टोकाशी मऊ लागतो, आत कळ्या असतात ना. फुटवा दाबला तर कडक. पण दाबायचं म्हणजे अगदी हलक्या हाताने, आणि खरं तर थांबणंच बरं, कारण आत कोवळ्या कळ्या चेपल्या तर गेल्या. ७ ऑक्टोबरपर्यंत ते टोक पेन्सिलीएवढं झालं, गोलच राहिलं, आणि शेजारच्या दोन कंदांनाही तसंच दिसायला लागलं. तीन दांडे. त्या दिवशी काकांना फोटो पाठवला, त्यांचं उत्तर आलं, "गोगलगायी बघ."

त्यांनी सांगितलं नसतं तर सगळं गेलं असतं. रात्री बॅटरी घेऊन गेले तर कुंडीच्या भोकातून दोन बिनकवचाच्या गोगलगायी वर येत होत्या. कोवळा दांडा त्यांना फार आवडतो आणि एका रात्रीत टोक खाऊन टाकतात. हाताने वेचल्या, कुंडी विटांवर उचलून ठेवली, दांड्यांभोवती कापसाचा सैल वेढा दिला. आठवडाभर रोज रात्री बघत होते.

१७ ऑक्टोबरला हवामानात रात्री १ डिग्री आलं, दुपारीच कुंडी आत घेतली. मोठं निरोगी झाड हलकं दव गोठणं थोडा वेळ सोसू शकतं पण दांडे आणि कळ्या सोसत नाहीत, त्यामुळे तो धोका घेतला नाही. आत आणायच्या आधी कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली, आत लपलेलं सगळं वर येतं, आणि पानं खालून पुसून काढली. लाल कोळी पानाच्या खालच्या बाजूला असतो, पान चंदेरी दिसायला लागलं की समजा तो आलाय, आणि घरातल्या कोरड्या हवेत तो भराभर वाढतो. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड कंदावरच्या सुक्या पापुद्र्यांखाली लपतात, ते पापुद्रे सोलून काढलेले बरे.

आता ठेवायचं कुठे, हा थंड प्रदेशातला खरा प्रश्न. गरम करता येणारं काचघर बांधायचा अंदाज मी काढून बघितला होता, बांधकामापेक्षा दर हिवाळ्याचं हीटिंगचं बिल ऐकून तो विचार सोडला. माझा सगळ्यात कमी आणि सगळ्यात उपयोगी पडलेला खर्च म्हणजे कमाल-किमान दाखवणारे तीन साधे थर्मामीटर. ते घरात तीन ठिकाणी आठवडाभर ठेवले. झोपायच्या खोलीची खिडकी रात्री १७, जिन्याचं वळण १४, आणि काचा लावून बंद केलेला व्हरांडा, जिथे हीटिंग नाही, तिथे रात्री ६ आणि दुपारी ऊन आलं की १३. म्हणजे जागा घरातच होती, इतकी वर्षं तिथे आम्ही बूट ठेवत होतो. तुमच्याकडेही अशी जागा असेल, न तापवलेली पाहुण्यांची खोली, उजेड असलेलं गॅरेज, तळघराची खिडकी. आधी मोजा, अंदाजावर जाऊ नका. मागच्या वर्षी मी एक महागडा एलईडी ग्रो लाइट घेतला होता, दांडे यायला त्याचा काही उपयोग झाला नाही, पण डिसेंबर-जानेवारीच्या अंधाऱ्या दिवसांत तो आता रोज सहा तास लावते.

हिवाळ्यात पाणी आठ-दहा दिवसांनी, दुपारी, कोमट करून. कुंडी उचलून बघायची, हलकी लागली तर घालायचं, पूर्ण कोरडी मात्र होऊ द्यायची नाही. खत बंद. कळ्या दिसायला लागल्यावर कुंडीची दिशा बदलायची नाही, नाहीतर दांडा उजेडाकडे वळत वळत वेडावाकडा होतो आणि फुलं सगळीकडे तोंड करून उघडतात. दांड्यावर आणि कळ्यांच्या देठाशी चिकट पारदर्शक थेंब दिसले तेव्हा मी मावा पडला म्हणून घाबरले होते. तो झाडाचाच मध असतो, साखरेचं पाणी, कीड नाही. ओल्या फडक्याने पुसला की झालं.

३ डिसेंबरला एक दांडा मोडला. काठी लावून दोरी बांधत होते, सकाळची वेळ, व्हरांडा ७ डिग्री, झाडाला आदल्या दिवशीच पाणी घातलेलं. किंचित ओढला तर काकडी मोडावी तसा कट्ट आवाज आला. चौदा कळ्या होत्या त्यावर. मी तिथेच खाली बसले आणि रडले, लपवण्यासारखं काही नाही त्यात, तीन वर्षं वाट बघितली होती. काकांनी नंतर सांगितलं की दांडा थंडीत आणि पाण्याने भरलेला असताना फार ठिसूळ असतो. पाणी द्यायच्या आधी, दुपारी, जरा ऊब आल्यावर बांधायचं, आठाच्या आकड्यासारखी सैल गाठ मारायची आणि एकदम सरळ करायचा हट्ट न धरता आठवड्याला थोडं थोडं जवळ घ्यायचं. उरलेले दोन मी तसेच बांधले.

जानेवारीत एका रात्री बाहेर उणे १४ झालं आणि व्हरांड्याचा काटा २ वर आला. रात्री दीडला उठून कुंडी जिन्यात आणली, सकाळी परत नेली. त्यानंतर तिथे एक लहान ऑइल हीटर ठेवलाय, ५ च्या खाली गेलं तरच चालू होणारा. त्या हिवाळ्यात तो अकरा रात्री चालला. कळ्या असताना असं सारखं आतबाहेर करणं वाईटच, टेम्परेचरच्या झटक्याने कळ्या गळतात, माझ्या तीन गळल्या.

११ फेब्रुवारी २०२४ ला पहिलं फूल उघडलं. कळी आदल्या आठवड्यात पोपटाच्या चोचीसारखी खाली वाकली होती, मग टोकाशी चीर पडली, आणि पूर्ण उघडायला चार दिवस गेले. पहिल्या दिवशी पाकळ्या जवळजवळ हिरव्या, जाड, मेणासारख्या, आणि रोज थोडा थोडा पिवळा उतरत गेला. मधल्या ओठाच्या आत होडीसारखा खोलगट भाग असतो, सिम्बिडियम हे नावच ग्रीकमधल्या होडीच्या शब्दावरून आलंय, १७९९ साली स्वार्ट्झने दिलेलं. त्यावर ते तांबडे ठिपके. तीन वर्षं फोटोत बघितले होते, ते परत समोर. दोन दांड्यांवर मिळून तेवीस फुलं झाली. मी रोज सकाळचा चहा कोट घालून त्या थंड व्हरांड्यात घ्यायचे.

एक गोष्ट बघून ठेवण्यासारखी घडली. लेकीची बाही एका फुलाला लागली आणि टोकावरची छोटी पिवळी टोपी, परागपिंड असतात ती, पडून गेली. तीन दिवसांत त्या एकाच फुलाचा ओठ गुलाबी, मग लालसर झाला आणि दहाव्या दिवशी फूल मिटलं. बाकीची तशीच ताजी. फुलाला वाटतं परागीकरण झालं, आता काम संपलं. उंदीर असतील तर ते हीच टोपी खायला येतात आणि एका रात्रीत सगळा दांडा लाल करून ठेवतात, तेव्हा गॅरेजमध्ये ठेवणाऱ्यांनी जाळी लावा. मधमाश्या आत येत असतील तर तेही बघा.

बाकीची फुलं नऊ आठवडे राहिली. सातव्या आठवड्यात एक दांडा कापून फुलदाणीत ठेवला कारण झाडावर शेवटपर्यंत ठेवलं की त्याची पुढच्या वर्षीची ताकद जाते असं काकांचं म्हणणं, आणि तो पाण्यातही जवळपास तीन आठवडे टिकला. तोच काकांकडे घेऊन गेले. त्यांनी फुलांकडे कमी आणि दांडा कुठे कापलाय त्याकडे जास्त बघितलं, मग म्हणाले, "आता मे महिन्यात बाहेर."

मे महिन्यात बाहेर गेलं. या वर्षी नवे चार कंद भरले आहेत आणि परवा रविवारी मी खाली वाकून मोजलं, पाच टोकं आहेत, त्यातली चार गोल, पाचव्याचं अजून सांगता येत नाही. ट्रेसियानमलाही एक दांडा आहे. आज ८ ऑक्टोबर, रात्री ५ डिग्री सांगितलंय. दोन्ही कुंड्या बाहेर आहेत, विटांवर, आणि थोड्या वेळाने बॅटरी घेऊन गोगलगायी बघायला जायचंय.